मदत हवी आहे : अपूर्णांकांसाठी मराठीतलं ऑनलाइन साहित्य

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. १/२ + १/३ चं उत्तर बरीच मुलं बेधडक २/५ लिहितात. अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळी! अहो, २/५ तर अर्ध्याहूनही कमी. हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर पट्ट्या शेजारी-शेजारी लावून दाखवल्या, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे आली.

फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे मुलांनी स्वतः हलवून-बदलून बघायची स्क्रीनवरची चित्रं, डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. पावसाळ्यात इकडे रेंजचा भरवसा नसतो, म्हणून तसलंच हवंय. खेळ, कोडी चालतील, नुसते व्हिडिओ नकोत. पुस्तकं कर्नाटक बोर्डाची, पण भाषा मराठीच हवी. बेळगाव-निपाणीकडचे सर, मॅडम, तुम्ही वर्गात काय वापरता? कृपया लिंक टाका.