पट्टीच्या सॉफ्टवेअरला होमचं बटण हवंच. तुमचं मत?

हरिपूर रोड
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या आडत दुकानासाठी मी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशेब, करायचं सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर लिहिलंय. म्हणजे वेबपानंच, फक्त स्वतःच्या खिडकीत चालणारी. आमचे दिवाणजी शेतकऱ्याची मागची उचल बघायला खात्यात शिरतात, तिथून जुन्या पावतीत, तिथून लिंक दाबून बाजारभावाच्या पानावर, आणि तिथं अडकतात. वर पत्ता दिसत नाही, मागे जायला बाण नाही. परवा त्यांनी प्रोग्रॅमच बंद करून परत उघडला. सौदा झालेला, शेतकरी पट्टीसाठी समोर उभा.

इलेक्ट्रॉन क्रोमियमचं, म्हणजे क्रोम ब्राउझरच्याच गाभ्याचं, इंजिन देतो, पण बाण आणि होम आपणच बसवायचे असतात. माझं म्हणणं, डावीकडे वर पहिल्या पानावर नेणारं कायमचं होमचं बटण द्यावं आणि क्रोमसारखंच कीबोर्डवरून आल्ट-होमही चालावं.

मिरज जंक्शन
माझा विरोध आहे. दिवाणजी अडकले ते बाहेरचं पान तुमच्या खिडकीत उघडलं म्हणून. पान बदलण्याआधी इलेक्ट्रॉन ‘विल-नॅव्हिगेट’ ही सूचना देतो, तिथंच ती लिंक अडवा आणि संगणकाच्या नेहमीच्या ब्राउझरकडे पाठवा, दहा ओळींचं काम आहे. उचल बघायला पट्टी सोडून जावंच का लागतं? ती पट्टीच्या शेजारीच दिसली पाहिजे. मांडणीतली चूक बटणानं झाकू नका.

आणि धोका बघा. बॅकस्पेस दाबलं की मागचं पान, ही सोय क्रोमनं 2016 मध्ये 52व्या आवृत्तीत काढून टाकली, कारण लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म जात होते. वीस पोत्यांची वजनं भरून झाल्यावर चुकून होम दाबलं तर?

गादीवरचा माणूस
मी कोड लिहीत नाही, दुसऱ्या एका दुकानात पट्ट्या करतो. दादा, शेजारी दिसावं हे खरं. पण हंगामात समोर चार शेतकरी, फोन कानाला, हमाल वजनाची चिठ्ठी घेऊन आलेला, अशात मी कुठल्या पानावर आहे हे आठवत नाही. एक जागा अशी पाहिजे की तिथं बोट ठेवलं की पहिल्या पानावर आलो. बटण असू द्या.

हरिपूर रोड
@मिरज जंक्शन, बाहेरच्या लिंकचं पटलं, आजच करतो. भरलेलं जाऊ नये म्हणून पान सोडण्याआधी चालणारं ‘बिफोर-अनलोड’ लावलं की झालं ना? ब्राउझर विचारतोच, पान सोडायचं का म्हणून.

मिरज जंक्शन
ब्राउझर विचारतो, इलेक्ट्रॉन विचारत नाही. तिथं पान गुपचूप जागेवरच राहतं आणि माणसाला वाटतं बटण बिघडलं. इलेक्ट्रॉनची ‘विल-प्रिव्हेंट-अनलोड’ ही सूचना ऐकून प्रश्नाची चौकट आपणच दाखवायची, आणि तो ‘हो’ म्हणाला तर पान सोडू द्यायचं. शिवाय होम दाबल्यावर पहिली फाइल नव्यानं लोड करणार की राउटरनं, म्हणजे फाइल तीच ठेवून आतली पानं बदलणाऱ्या कोडनं, नुसतं पान बदलणार? नव्यानं लोड केलीत तर मेमरीतलं सगळं पुसलं जाईल. राउटरनं बदललंत तर ‘बिफोर-अनलोड’ चालणारच नाही, तिथं राउटरचीच अडवणूक लिहावी लागेल. इतकं सगळं एका बटणासाठी?

कृष्णाकाठ
त्यापेक्षा कच्ची पट्टी प्रत्येक ओळीला डिस्कवर साठवा. वीज गेली तरी तीच कामाला येते. मग होमवर काय, कुठंही गेलं तरी बिघडत नाही.

हरिपूर रोड
हे करतोच. पण बटणावर मी ठाम आहे. मांडणी मी सुधारेन, तरी पुढच्या वर्षी कुणीतरी नवं पान जोडेल आणि दिवाणजी परत कुठंतरी अडकतील. राउटरनंच पान बदलेन, आणि पहिल्या पानावर सगळ्यात वर ‘अर्धवट पट्टी, पुढे चालू करा’ असं दिसेल.

मिरज जंक्शन
कच्ची पट्टी साठवायचं आधी चालू करा, आठवडाभर वापरून बघा, मग बटण. उलट क्रमानं केलंत तर माझा विरोध कायम.

गादीवरचा माणूस
आठवडा कशाला, एका सौद्याच्या दिवसात कळेल. आणि बटणावर चित्र नको, ‘पहिलं पान’ असं मराठीत लिहा.