मदत हवी आहे: वेस्टचा कॅन सारखा फुगतोय

चंचुपात्र:
लॅबमधल्या घातक कचरा साठवायच्या जागेची दर आठवड्याची तपासणी माझ्याकडे असते. लेबल, झाकण, ट्रे सगळं ठीक. तरी एक कॅन फुगतोच. बदलला, तर नवाही फुगला. उद्या सेफ्टीवाले येणार आहेत, लवकर सांगा.

नरसाळे:
कॅनमध्ये आहे काय? किती भरलाय? ऊन लागतं का? एवढं तरी लिहा.

परीक्षानळी:
आधी ट्रे बघा. गळती झाली तर सर्वांत मोठ्या कॅनच्या किमान ११० टक्के मावेल एवढा हवा.

चंचुपात्र:
ट्रे ठीक आहे असं वरच लिहिलंय. कॅन २० लिटरचा, एचडीपीई प्लास्टिकचा, जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेला. लेबलवर ‘ऑरगॅनिक वेस्ट’ आहे.

नरसाळे:
मग लेबल ठीक नाहीच. घटकांची पूर्ण नावं, अंदाजे प्रमाण, धोक्याचं चिन्ह आणि पहिल्यांदा ओतल्याची तारीख हवी. नुसती सूत्रं किंवा लघुरूपंही चालत नाहीत. भरणंही चुकलंय: वर निदान १० टक्के जागा मोकळी ठेवायची. डायक्लोरोमिथेन हे द्रावक असेल तर ते ४० अंशांच्या आसपासच उकळतं, खोली तापली की कॅन फुगणारच.

बर्नर:
व्हेंटेड कॅप, म्हणजे वायू सोडणारं बारीक छिद्राचं झाकण लावा, प्रश्न मिटला.

गाळणी:
मिटत नाही, लपतो. उष्णतेने फुगलेला कॅन गार झाला की बसतो. आत रासायनिक क्रिया चालू असेल तर तो बसत नाही, फुगतच जातो. क्रियेने भडका घेतला तर त्या बारीक छिद्रातून एवढा वायू बाहेर पडूच शकत नाही. चंचुपात्र, त्यात नायट्रिक आम्ल जातं का?

बर्नर:
कॅप नकोच असं कसं म्हणता? हळू वायू सोडणाऱ्या वेस्टला ती लागतेच.

गाळणी:
लागते, पण आत काय आहे हे कळल्यावर.

चंचुपात्र:
डायक्लोरोमिथेन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन. काचसामान नायट्रिकने धुतात, ते शेजारच्या कॅनमध्ये ओततात. बहुतेक.

गाळणी:
हे ‘बहुतेक’च घातक आहे. नायट्रिकची मिथेनॉल-अ‍ॅसिटोनशी क्रिया कधी कधी काही तास थांबून मग जोर धरते, म्हणून ओतताना काही झालं नाही याला अर्थ नाही. दोन्ही कॅन एकसारखे, एकाच ट्रेमध्ये? ट्रे मोठा असून काय उपयोग, गळती झाली तर दोन्ही तिथेच मिसळणार. झाकणापाशी नायट्रिकच्या क्रियेचा तपकिरी धूर किंवा डाग आहे का? लांबूनच बघा.

परीक्षानळी:
जुन्या ईथरच्या बाटल्याही बघा. झाकणाशी स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, ते स्फोटक पेरॉक्साइड असू शकतं.

चंचुपात्र:
ईथर नाही आमच्याकडे. कॅन आज सकाळी खोली गार असतानाही फुगलेलाच होता. झाकणाखाली पिवळट-तपकिरी ओघळ आहे.

नरसाळे:
झाकण सैल करू नका, कॅन हलवू नका. खोली रिकामी करा, दार लावा, सेफ्टीला आत्ता फोन करा, उद्यापर्यंत थांबू नका. कॅनला हात लावून तापमान बघायला जाऊ नका, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ते काम त्यांनाच लांबून करू द्या. फोनवर दोन्ही कॅनमध्ये काय काय आहे ते आणि शेवटचं कधी ओतलं ते सांगा.

चंचुपात्र:
फोन करतेय.