‘पूर्ववत करणे’ कुठे चालेल, कुठे नाही?

सातपूरकर : नाशिकमधले आम्ही काही जण गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, डॉक्युमेंटेशनचं मराठी करतोय. रिव्ह्यूला आलेल्या बदलात रिव्हर्ट, रिस्टोअर आणि रीसेट या तिन्ही कमांडच्या वर्णनात ‘बदल पूर्ववत करते’ एवढंच लिहिलंय. व्याकरण ठीक, पण मंजूर करवत नाही. कमांडची नावं तशीच राहतील, प्रश्न वर्णनाचा आहे.

पंचवटीकर : ‘रद्द करते’ घ्या की. रिझर्व्हेशन रद्द, सभा रद्द. सगळ्यांना कळतं.

लासलगावकर : रद्द झालेलं संपलं, असा अर्थ होतो. रिव्हर्टमध्ये जुनी कमिट, म्हणजे इतिहासातली बदलांची नोंद, जागची हलत नाही, तिचे बदल उलटवणारी नवी कमिट वर चढते. आमच्याकडे आडतीच्या वहीत रक्कम चुकली तर खाडाखोड करत नाहीत, उलट नोंद घालतात. दोन्ही ओळी दिसतात, शिल्लक बरोबर येते. शब्द तयारच आहे : उलट नोंद.

‘पूर्ववत’ शोभतं ते रिस्टोअरला. ती फाइलींपुरतं बोलते, शाखेला, म्हणजे कमिटच्या साखळीला, हात लावत नाही. पण कशावरून पूर्ववत, हे वाक्यात यायलाच हवं. नुसती चालवली तर इंडेक्समधली, म्हणजे पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेली, प्रत फाइलवर उतरते. ‘--स्टेज्ड’ दिलं तर इंडेक्स हेडप्रमाणे, म्हणजे आपण सध्या ज्या कमिटवर आहोत तिच्याप्रमाणे, होतो आणि फाइल तशीच राहते. पहिल्या प्रकारात अ‍ॅड करून इंडेक्समध्ये न घातलेलं काम गेलं ते गेलं, गिटकडे त्याची प्रतच नसते. बदलात हा इशारा कुठेच नाही. मी रिव्ह्यूत आधी यावर अडले असते, शब्दावर नंतर.

सातपूरकर : बरोबर ताई, इशारा मागतो. आणि रीसेट?

लासलगावकर : ‘शाखेचं टोक दिलेल्या कमिटवर नेते’, इतकं सरळ लिहा. टोक पुढेही नेता येतं, मग पूर्ववत कसलं? ‘--हार्ड’ने फाइलीही त्या कमिटसारख्या होतात, तेही सांगा. बाकी गोंधळ काही मराठीचा नाही. या तिघींचा फरक सांगायला मूळ इंग्रजी पानातही वेगळा भाग आहे. रिस्टोअर तर २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत आली. तोवर फाइल परत आणायचं कामही चेकआउट या शाखा बदलायच्या कमांडच्याच गळ्यात होतं.

पंचवटीकर : पटलं. पण नुसतं ‘उलट नोंद करते’ वाचून नवखा माणूस उलट्या क्रमाने नोंद असं समजेल.

सातपूरकर : मग असं करू : ‘दिलेल्या कमिटमधले बदल उलटवणारी नवी कमिट करते, जुनी कमिट इतिहासात राहते.’ ‘उलट नोंद’ शब्दसूचीत घालतो.

लासलगावकर : चालेल. त्याच बदलात एका पानावर ‘इंडेक्स’ आणि दुसऱ्यावर ‘स्टेजिंग एरिया’ आहे, तेवढं बघा. वस्तू एकच. फरक दाखवणारं गिट डिफ त्यासाठी ‘--कॅश्ड’ आणि ‘--स्टेज्ड’ दोन्ही चालवून घेतं, पण आपण एकच नाव ठेवू. माझं मत इंडेक्सला.