मदत हवी आहे: लांब पल्ल्याच्या सरावात अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

मॅरेथॉनचा सराव करतोय. सोबतचे बरेच जण हिरव्या चहाच्या अर्काच्या नाहीतर हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेतात, आणि वर क जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी. कारण सगळ्यांचं एकच: एवढं धावल्यावर फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) वाढणार, मग त्यांचा बंदोबस्त नको का? मीही तेच घेतोय. पण थोडं वाचल्यावर डोकं चक्रावलंय.

दमवणाऱ्या व्यायामाने स्नायूंत फ्री रॅडिकल्स वाढतात, हे १९८२ सालीच उंदरांना दमेपर्यंत पळवून दाखवलं होतं. त्याबद्दल वाद नाही. पण याच रॅडिकल्समुळे स्नायूला 'आता आणखी मायटोकॉन्ड्रिया बनव' असा इशारा मिळतो म्हणे (मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं). २००९ च्या एका जर्मन अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने सुधारायला हवी ती इन्सुलिन संवेदनशीलता (शरीर इन्सुलिनला किती चांगली दाद देतं ते) सुधारलीच नाही. २०१४ मध्ये नॉर्वेत ११ आठवड्यांच्या सरावात याच जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं हवी तशी वाढली नाहीत. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) मात्र दोन्ही गटांत सारखाच वाढला! माझी गाडी इथेच अडते. पेशीत फरक पडतो, पण दमसासात दिसत नसेल, तर मी काळजी का करायची?

शिवाय हे सगळं जीवनसत्त्वांबद्दल झालं. हिरवा चहा, हळद, चेरी अशा वनस्पतींतल्या पॉलिफेनॉल नावाच्या अँटिऑक्सिडंट घटकांना तोच नियम लागतो का? २०१० मध्ये लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंना शर्यतीच्या आधी आणि नंतर आंबट चेरीचा रस दिला, तर स्नायूंची ताकद लवकर परत आली. म्हणजे एकीकडे तोटा, दुसरीकडे फायदा. स्वतः सराव करणाऱ्या किंवा या विषयातल्या जाणकारांनी सांगावं. 'नैसर्गिक आहे, घ्या बिनधास्त' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते कॅप्सूलच्या डबीवरही छापलेलं असतं.

प्रतिसाद १:
पॉलिफेनॉल रक्तात फार कमी पोचतात, त्यामुळे ते रॅडिकल्सना थेट गाठून मारतात हे चित्र फारसं बरोबर नाही. त्यांतले बरेच जण पेशीतला एनआरएफ२ नावाचा स्विच चालू करतात आणि मग शरीर स्वतःचेच संरक्षक एन्झाइम बनवतं. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये साधारण पासष्टीच्या पुरुषांना व्यायामासोबत रोज २५० मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल (द्राक्षांतलं एक पॉलिफेनॉल) दिलं, तर त्यांचा व्हीओटू मॅक्स नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वाढला. ते वयस्क होते, तरुण धावपटूंना हे जसंच्या तसं लावू नका. माझं मत: सराव वाढवायच्या आठवड्यांत गोळ्या बंद. चेरीचा रस प्यायचाच तर शर्यतीच्या आसपास, कारण तेव्हा शरीर घडवायचं नसतं, लवकर सावरायचं असतं.

प्रतिसाद २:
अंगदुखीसाठी घेत असाल तर फार आशा ठेवू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये अँटिऑक्सिडंटच्या ५० चाचण्या एकत्र तपासल्या, दुखण्यात जाणवेल एवढा फरक सापडला नाही. आणि हिरव्या चहाच्या अर्काचा डोस आधी बघा. त्यातलं ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य पॉलिफेनॉल) दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं तर यकृताला धोका संभवतो, असं युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटलंय. चहा पिणं वेगळं, अर्क वेगळा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. डबीवर ईजीसीजी किती ते लिहिलेलंच नाही, फक्त 'अर्क ५०० मिलिग्रॅम', आणि मी दोन घेतो. आजपासून बंद. क जीवनसत्त्वाबद्दल अजून एक: गोळीऐवजी फळांतून रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं, तरी सरावावर तसाच परिणाम होतो का?