मदत हवी आहे: नाथसागराच्या काठाला मगर दिसतेय, आणि आमची माणसं छातीभर पाण्यात उभी राहून मासे धरतात

फुगवट्याकाठी

नमस्कार मंडळी. गंगापूर तालुक्यात, नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव आहे. आम्ही भोई. वडील आणि चुलते आजही मासेमारीच करतात. मी संभाजीनगरला नोकरीला असतो, सुट्टीला गावी जातो. प्रश्न जिवाचा आहे म्हणून सविस्तर लिहितोय, कृपया वेळ काढून वाचा.

गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या काठाला मगर दिसतेय. आधी चुलत्यांना दिसली, ऊन चढल्यावर गाळाच्या उंचवट्यावर पडलेली. मग मी स्वतः पाहिली. घोरपड नव्हे, पाणमांजर तर नव्हेच. आठ-नऊ फूट लांब असावी, शेपटीवर उभ्या खवल्यांची रांग. आम्ही जरा पुढं सरकलो तशी आवाज न करता पाण्यात गेली आणि मग फक्त नाक आणि डोळे वर. ओल्या गाळात पोट घासत गेल्याची रुंद खूण होती, दोन्ही बाजूंना पंजे. फोटो काढून वनखात्याला पाठवले, त्यांच्या १९२६ या मदत क्रमांकावर नोंद केली. त्यांची माणसं येऊन काठ पाहून गेली. मगरच आहे म्हणाली, आणि पाण्यात उतरू नका म्हणाली.

अडचण नेमकी इथंच आहे. पाण्यात उतरल्याशिवाय आमचं काम होत नाही. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धरण १५२२ फुटांना भरतं. पावसाळा सरला की पाणी उतरायला लागतं, आणि आमच्याकडची जमीन इतकी सपाट आहे की पातळी थोडी उतरली तरी काठ लांबवर मागं जातो. मोकळ्या झालेल्या गाळात लोक गाळपेर करतात. त्याच्या पुढं उथळ पाण्याचा पट्टा. तिथं थर्माकोलचा चप्पू, म्हणजे आमचा तराफा, गाळाला टेकतो, म्हणून पायानंच जावं लागतं. कमरेभर, कधी छातीभर पाण्यात तंगुसाचं (नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं) जाळं लावत जायचं आणि दिवस उगवायच्या आत काढायचं. सापडलेली चिलापी, मरळ, एखादा रोहू कमरेला बांधलेल्या पिशवीत. पाणी गढूळ, पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

वडिलांना सांगितलं तर म्हणतात, "पाण्यात जलम गेला आमचा. ती तिच्या वाटंनं, आम्ही आमच्या." आणि गावातली काही तरणी पोरं फास लावून मारायच्या गोष्टी करायलीत. मला दोन्ही मान्य नाही. वडिलांचा जीवही जायला नको आणि त्या जनावराचाही.

पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या माणसानं नेमकं काय बदलावं? पहाटेची वेळ सोडली तर खरंच फरक पडतो का? ती जाळ्यात अडकली तर काय करायचं? आणि वनखात्याकडं पकडून न्यायची मागणी करावी का? ज्यांच्या गावात मगरी आहेत त्यांनी अनुभव सांगावा.

---

कृष्णाकाठ

दादा, मी मूळचा लातूरचा, पण भिलवडीजवळ सासुरवाडी आहे. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि तिथं माणसं गेलीत, त्यामुळं वडिलांचं "तिच्या वाटंनं" हे म्हणणं धरून चालू नका. मगर माणसाच्या मागं लागत नाही हे बरोबर. पण ती दबा धरते. पाण्याखाली बराच वेळ निपचित राहते आणि रोज एकाच जागी, एकाच वेळी कोण येतं ते तिला कळतं. धुणं धुणारी बाई, मोटारीचा फुटबॉल (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप) साफ करणारा शेतकरी, पाणी पिणारं वासरू, सगळे असेच काठाशी सापडतात.

म्हणून सगळ्यात आधी कमरेची पिशवी सोडा. तडफडणारे मासे अंगाला बांधून गढूळ पाण्यात फिरणं म्हणजे तिला बोलावणं आहे. मासे टोपलीत टाका, टोपली हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर ठेवा आणि ट्यूब लांब दोरीनं ओढा. दोरी हाताला गुंडाळू नका. दुसरं, मासे काठावर साफ करून घाण पाण्यात टाकायची सवय असेल तर ती आजच बंद करा. आमच्याकडं कोंबडीच्या दुकानाची घाण नदीत पडायची तिथं मगरी ठाण मांडून बसायच्या.

---

पाणथळ_अभ्यासक

वर्णनावरून ही आपली गोड्या पाण्यातली मगर आहे. दोन गोष्टी तातडीनं लक्षात घ्या.

पहिली म्हणजे दिवस. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालायचा काळ. मादी काठावरच्या मऊ, उतरत्या जमिनीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. तोवर ती त्या जागेची राखण करते. एरवी माणूस दिसला की पाण्यात सरकणारी मगर या काळात उलटून अंगावर येऊ शकते. आठ-नऊ फुटी जनावर वयात आलेलं असतं, म्हणजे मादी असेल तर घरटं असण्याची शक्यता धरा. काठाच्या खडकाळ नसलेल्या उंच भागात, बेशरमाच्या झुडपांपाशी उकरलेली माती दिसली तर तिकडं फिरकू नका. काठाला बीळ दिसलं तरी तेच.

दुसरी गोष्ट पकडून नेण्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे. तिला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि फास लावणाऱ्या पोरांना तुरुंग होऊ शकतो. हे त्यांना आजच सांगा. शिवाय नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हलवलेली मगर पुष्कळदा माघारी येते, किंवा मोकळ्या जागेत दुसरी येते. म्हणून माझा भर तुमच्या माणसांची सवय बदलण्यावर राहील.

वेळेबद्दल: हो, फरक पडतो. मगर अंधारात जास्त हिंडते. पहाटेचं जाळं ऊन चांगलं पडल्यावर काढा. उतरायच्या आधी काठ नीट न्याहाळा, ती थंडीत सकाळी उन्हाला येते तेव्हा कुठं आहे ते कळतं. रात्री काठावरून बॅटरी मारली तर डोळे लालसर चमकतात. ते पाण्यात न उतरता बघायचं काम आहे.

---

विष्णुपुरीकर

मासेवाल्याचं मासेवाल्याला सांगतो. जाळं काढताना एकट्यानं उतरायचंच नाही. एक जण पाण्यात, एक काठावर उभा, त्याचं लक्ष फक्त पाण्यावर. हातात लांब बांबू ठेवा, पाऊल टाकायच्या आधी पुढं टोचत चला. छातीभर पाणी सोडून द्या, मांडीच्या वर जायचं नाही. तेवढे मासे कमी सापडतील, सापडू द्या. खोल भागात चप्पूवर जा, पण त्यावर पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, ही सवय सगळ्यांना असते.

जाळ्यात अडकली तर जाळं गेलं समजा. दोर सोडा, बाहेर या, १९२६ ला फोन करा. थकलेली, निपचित दिसली तरी जवळ जायचं नाही. जाळ्याच्या पैशापायी हात गमावू नका.

आणि देव न करो, पण चावलीच तर जखमेवर कापड घट्ट दाबून धरा, १०८ बोलवा, जखम लहान दिसली तरी दवाखाना चुकवू नका. तिच्या तोंडातली घाण आत जाते, जखम चिघळते. वनखात्याला पंचनाम्यासाठी लगेच कळवा, मगरीच्या हल्ल्याला सरकारी मदत मिळते.

---

फुगवट्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री घरी बसून वडिलांना आणि चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. पिशवी सोडायला वडील लगेच तयार झाले, ट्यूब घरात आहेच. पहाटेच्या वेळेवर वाद झाला, कारण संभाजीनगरचा व्यापारी सकाळी लवकर गाडी लावतो आणि उशीर झाला की भाव पडतो. त्याच्याशी आता मी बोलणार आहे. फास लावणाऱ्या पोरांना कायद्याचं सांगितलं, ती गप्प झाली. काठावर घाण टाकायचं बंद करायला मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत विषय घेतोय.

बायकांच्या धुण्याच्या जागेचा मात्र प्रश्न राहतो. श्रीलंकेत नदीत बल्ल्या रोवून मगर आत येणार नाही असं आंघोळीचं कुंपण करतात असं वाचलं. पण आमच्याकडं पाणी रोज मागं सरकतं. आज रोवलेलं कुंपण महिनाभरात कोरड्या गाळात उभं राहील. चौकट करून सरकवता येईल असं लोखंडी जाळीचं काही कुणी केलंय का? जाळी किती मजबूत लागेल, तळाशी फट राहू नये म्हणून काय करतात?

आणि एक. नाथषष्ठी जवळ आलीय. पैठणला जाणाऱ्या दिंड्या आमच्या काठाला उतरतात, वारकरी अंधारातच आंघोळीला पाण्यात जातात. त्यांना हे माहीत असायचं कारण नाही. पाट्या लावणार आहोत, पण अंधारात पाटी कोण वाचतं? टँकर किंवा काठापासून लांब नळाची सोय मागायची तर अर्ज तहसीलला करायचा की ग्रामपंचायतीमार्फत, हे कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.