मदत हवी आहे: ऑर्डरी वाढताहेत, हातातला पैसा कमी होतोय. वर्कशॉपची कंपनी करताना भांडवल कुणाचं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात पलूस भागात माझं आणि धाकट्या भावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हळद शिजवायचे वाफेवरचे कुकर आणि हळद पॉलिश करायचे ड्रम आम्ही बनवतो. डिझाइन आणि शेडमधलं काम भाऊ बघतो. खरेदी, हिशेब, वसुली माझ्याकडे. माल चांगला आहे, गिऱ्हाईक परत येतं, आणि नव्या गावांतून फोन येतात ते जुन्या गिऱ्हाइकांनी नंबर दिल्यामुळे. तरीही दर हंगामात आम्ही पैशाला अडतो, आणि धंदा जितका वाढतो तितकं जास्त अडतो. म्हणून हा धागा.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे हळद साधारण जानेवारी ते मार्च निघते. काढली की शिजवायची, मग उन्हात वाळवायची, मग पॉलिश, आणि मग सांगलीच्या बाजारात सौदे. पूर्वी काहिलीत पाणी उकळून शिजवत. वाफेवर जळण कमी लागतं आणि माल एकसारखा शिजतो, त्यामुळे कुकरला मागणी आहे. पण यंत्र लागतं डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे पत्रा, पाइप, अँगल आम्हाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उचलावे लागतात. लोखंडाचा व्यापारी जेमतेम महिनाभर थांबतो. वेल्डरची हजेरी दर शनिवारी रोख. शेतकरी यंत्र नेताना निम्मे देतो आणि बाकीचे "हळद विकली की देतो" म्हणतो. त्याचं चुकत नाही, त्याच्याही हातात तेव्हाच पैसा येतो. पण हळद वाळून, पॉलिश होऊन, सौदा होऊन पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) मिळेपर्यंत मे-जून उजाडतो.

आमची उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास आहे. एका कुकरची किंमत साधारण पावणेदोन लाख, त्यात मालाचाच खर्च रुपयाला पासष्ट पैसे. जानेवारी-फेब्रुवारीत आमचे पन्नास-पंचावन्न लाख बाहेर अडकलेले असतात. ताळेबंदात नफा दिसतो आणि शनिवारच्या हजेरीला मी सोनं गहाण ठेवायचा विचार करत असते.

आता तीन वाटा समोर आहेत.

अवजारांच्या एका मोठ्या विक्रेत्याला येत्या हंगामासाठी 40 कुकर हवेत. नाव त्यांचं लागणार, पैसे 90 दिवसांनी. दुसरी वाट म्हणजे पुण्यात नोकरी करणारे आमचे एक नातेवाईक. ते 25 लाख द्यायला तयार आहेत, पण प्रायव्हेट लिमिटेड करा आणि 40 टक्के हिस्सा त्यांच्या नावावर करा, असं म्हणतात. तिसरी वाट बँकेची. आमचं कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज) आहे, ते वाढवून मागायचं.

आम्ही राहतो तिथून किर्लोस्करवाडी जवळच. लहानपणापासून लक्ष्मणरावांची गोष्ट ऐकत आलोय. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, 1903 चा लोखंडी नांगर, लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून नांगराला हात न लावणारे शेतकरी, मग औंधच्या राजांच्या आश्रयानं 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना. सगळे यातली चिकाटी सांगतात, आणि ती होतीच. पण मला नेहमी प्रश्न पडतो की नांगर खपत नव्हता तेव्हा कामगारांची हजेरी कशातून निघत होती? इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झाली हे पाठ आहे, पण दहा हजारांत कुणाचा पगार किती दिवस निघणार? लिज्जतच्या सात बायकांनी 1959 मध्ये गिरगावात 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यानंतरच्या महिन्यांत पीठ कशावर येत होतं? शून्यातून कंपनी उभी करणाऱ्यांच्या गोष्टींत नेमका हाच भाग गाळलेला असतो आणि मला नेमका तोच हवा आहे.

ज्यांनी स्वतः वर्कशॉप, कारखाना, दुकान वाढवलंय त्यांनी कृपया सांगावं. वाढीच्या वर्षांत तुम्ही कुणाच्या पैशावर चाललात? गिऱ्हाइकाच्या, व्यापाऱ्याच्या, बँकेच्या की भागीदाराच्या? आणि त्याची किंमत काय मोजलीत?

प्रतिसाद 1

ताई, मी कोल्हापूरला शिरोलीत मशीन शॉप चालवतो. तुमचा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

तुम्ही नावं घेतलीत त्यांच्याकडेच बघा. लक्ष्मणराव फक्त नांगरावर बसून नव्हते. सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली. जे आज खपतं त्यानं उद्याच्या मालाला पोसलं. इन्फोसिसचं पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं होतं, डेटा बेसिक्स. कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता आणि त्या काळात तो आयात करणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. म्हणून भागीदार अमेरिकेत गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करत होते. म्हणजे यंत्र गिऱ्हाइकाचं, कसब यांचं. ते दहा हजार कंपनी नोंदवण्यापुरते, पगार निघाला तो गिऱ्हाइकाच्या पैशातून. शेअर बाजारात कंपनी थेट 1993 साली आली.

हाच हिशेब 40 कुकरच्या ऑर्डरला लावा. मालासकट करायचं म्हटलं तर सत्तर लाखांची ऑर्डर, त्यात पंचेचाळीस लाखांचं लोखंड तुम्ही उचलणार आणि पुढे 90 दिवस बसणार. ते तुम्हाला झेपणार नाही. त्यांना सांगा, पत्रा-पाइप तुम्ही द्या, आम्ही मजुरीवर करून देतो. जॉबवर्क. मजुरीचा दर नीट काढलात तर एका कुकरला पस्तीस-चाळीस हजार सुटतील आणि अडकलं तर पंधरा लाखांच्या आसपासच अडकेल. उलाढालीचा आकडा लहान दिसेल, तो दिसू द्या. माझ्या शॉपची पहिली सहा-सात वर्षं अशीच गेली. फौंड्री कास्टिंग (ओतीव भाग) पाठवायची, मी मशीनिंग करून द्यायचो. स्वतःचा माल नंतर सुरू केला.

किंमत काय मोजली विचारलंत. त्या वर्षांत माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, तुमच्या नावाचे कुकर बंद करू नका. निदान निम्मी शेड स्वतःच्या नावासाठी राखा.

प्रतिसाद 2

मी बँकेत कर्ज विभागात होते, आता निवृत्त आहे.

लहान उद्योगांना खेळत्या भांडवलाची मर्यादा बहुतेक वेळा अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के या ठोकताळ्यानं काढतात. त्याला नायक समितीची पद्धत म्हणतात. सव्वा कोटीवर ते 25 लाख होतात. वर्षभर सारखा चालणाऱ्या धंद्याला हे पुरतं. तुमचा पैसा मात्र पाच महिन्यांत पन्नास लाखांवर जातो आणि पावसाळ्यात खाली येतो. त्यामुळे "मर्यादा वाढवा" एवढंच म्हणालात तर अधिकारी तोच ठोकताळा लावेल. महिन्यागणिक तक्ता घेऊन जा: कोणत्या महिन्यात खरेदी किती, तयार माल किती, येणं किती, वसुली किती. मागच्या दोन-तीन वर्षांचा तक्ता आणि जीएसटीची विवरणपत्रं जुळली पाहिजेत. मग हंगामी आणि बिगरहंगामी अशा दोन वेगळ्या मर्यादा मागा. साखर, कापूस, खतं या धंद्यांना बँका हे नेहमी देतात, हळदीच्या यंत्रांना का नको? तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीबद्दल विचारा. ती हमी बँकेसाठी असते, तुमचं कर्ज त्यानं माफ होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता 90 दिवसांचं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर 15. हा 2006 चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. व्याजासाठी लहान माणूस मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायला जात नाही हे मी आयुष्यभर पाहिलंय. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकराच्या कायद्यात भर पडली आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती खरेदी खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येते. तुमची विक्री जानेवारी-मार्चची, म्हणजे 31 मार्चला तुमचं बिल त्यांच्या पुस्तकात उभं असणार. त्यांच्या सीएला हे नक्की ठाऊक आहे. करारात 45 दिवस लिहून मागा, शांतपणे मागा, मिळतील. बिलावर उद्यम क्रमांक छापायला विसरू नका.

प्रतिसाद 3

नातेवाइकांच्या प्रस्तावावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी सीए आहे, सांगलीतच.

25 लाखांना 40 टक्के म्हणजे त्यांचे 25 लाख धरून सगळ्या धंद्याची किंमत साडेबासष्ट लाख झाली. त्यांचे वजा करा. तुमची मशिनरी, डिझाइन, इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, या सगळ्याचे साडेसदतीस लाख. हे तुम्हाला मान्य आहे का, भावाला मान्य आहे का, हे आधी दोघांनी बसून बोला.

त्याहून महत्त्वाचं सांगतो. तुमची गरज पाच महिन्यांची आहे आणि हिस्सा कायमचा जातो. हंगामापुरत्या अडचणीला कायमचा भागीदार घेऊ नका. हिस्सा द्यावा तो कायम राहणाऱ्या गोष्टीसाठी: नवी शेड, लेझर कटिंग, दुसऱ्या राज्यातली विक्री. नाशिकजवळ मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी घेतले. पण त्याआधी शेतकऱ्यांनी उभी केलेली कंपनी दहाएक वर्षं चालली होती, द्राक्षांची निर्यात बसली होती. पैसा मागायला गेले तेव्हा दाखवायला काहीतरी होतं. तुम्हालाही ती वेळ येईल, पण आज ती नाही.

नातेवाइकांना मदत करायचीच असेल तर ठरावीक व्याजानं, लेखी, ऑक्टोबरला घेऊन जूनला फेडायचं कर्ज म्हणून द्या म्हणावं. नाही म्हणाले तर त्यांना काय हवंय ते कळेल.

प्रायव्हेट लिमिटेडनं घर-शेती सुरक्षित राहते अशी समजूत असते. बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, त्यामुळे बँकेपुरतं ते संरक्षण फारसं उरत नाही. कंपनी करा, पण भावाबहिणीत हिस्सा किती, कुणी काम सोडलं तर काय, लग्नानंतर किंवा पुढच्या पिढीत काय, हे लिहिण्यासाठी करा. माझ्याकडे येणारे अर्धे वाद याच न लिहिलेल्या गोष्टींचे असतात.

जाता जाता: वाफेचं यंत्र आहे, तर बाष्पकांच्या (बॉयलरच्या) कायद्यात तुमचा कुकर बसतो का हे त्या खात्याकडून लेखी घेऊन ठेवा. 25 लिटरपेक्षा कमी क्षमता किंवा चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी दाब असेल तर सूट असते. मोठा विक्रेता आज ना उद्या हा कागद मागणारच.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं. साडेसदतीस लाखांच्या आकड्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

महिन्यागणिक तक्ता करायला घेतला आणि त्यात एक गोष्ट सापडली, ती इथे मांडते. आमचे काही कुकर शेतकरी नेत नाहीत, भाड्यानं हळद शिजवून देणारे लोक नेतात. गावोगाव फिरतात, हंगामात रोज कमाई असते. त्यांची बाकी मार्चअखेर पूर्ण आलेली दिसते, कारण त्यांना हळद विकायची वाट बघावी लागत नाही. आम्ही त्यांना आणि शेतकऱ्यांना एकाच अटींवर विकत आलो. आता भाड्याचा धंदा करणाऱ्यांना आधी गाठायचं, निम्मी रक्कम आगाऊ, बाकी हंगामात दर पंधरवड्याला हप्ता, असं ठरवतोय. आणि शेतकऱ्यांपैकी जो ऑक्टोबरमध्ये आगाऊ नोंदणी करेल त्याला दरात सवलत. त्या आगाऊ पैशातून लोखंड येईल. सवलत किती परवडेल ते कॅश क्रेडिटच्या व्याजाशी ताडून बघते आहे.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात यंत्राची चाचणी करून घ्यायचं भावानं मनावर घेतलंय. अनुदानाच्या यादीत यंत्र बसायला चाचणी अहवाल लागतो, आणि बँकेपुढेही तो कागद उपयोगी पडेल.

मोठ्या विक्रेत्याशी पुढच्या आठवड्यात बसायचंय. जॉबवर्कच्या करारात नेमकं काय लिहून घ्यावं? आम्ही आजवर तोंडीच कामं केली आहेत.

प्रतिसाद 1

ताई, भाड्यानं शिजवणाऱ्यांचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. सगळ्यात आधी तेच करा.

करारात इतकं नक्की घ्या. माल त्यांच्याकडून चलनावर (मालासोबतच्या नोंदीच्या कागदावर) येईल आणि चलनावर वजन असेल. कटिंगमध्ये किती टक्के घट धरायची ते आधी ठरवा, नाहीतर शेवटी तुमच्या मजुरीतून कापतात. भंगार कुणाचं तेही लिहा, चाळीस कुकरचं भंगार थोडं नसतं. तयार कुकर शेडमधून उचलायची तारीख घाला, नाहीतर जागा अडते आणि बिल लांबतं. बिल उचलण्याच्या दिवशी आणि 45 दिवस त्या तारखेपासून. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत जावा लागतो, तुमचं काम एका हंगामाचं असल्यानं अडचण येऊ नये, पण उरलेला पत्रा पावसाळ्याआधी परत पाठवून पोच घ्या. आणि डिझाइन तुमच्या भावाचं आहे, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाही असं एक वाक्य टाकायला लावा. ते आढेवेढे घेतील. निदान दोन हंगामांसाठी तरी घ्याच.

मजुरीचा दर काढताना गॅस, रॉड, वीज आणि ग्राइंडिंगचे चाक धरायला विसरू नका. दर तयार झाला की इथेच टाका, बघून सांगतो.