टोलनाक्यावर लेन कधी धरायची, आणि फास्टॅग वाचला नाही तर काय करायचं?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. लायसन्स नवीन आहे. शहरात गाडी व्यवस्थित चालवता येते. आता ठाणे पूर्वेहून नेहमी पुण्याला जायचं आहे (आनंदनगर, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली, द्रुतगती मार्ग) आणि कधीमधी नाशिकला (खारेगाव, पडघा). अडतं ते टोलनाक्यावर. रस्ता एकदम रुंदावतो, तीन लेनच्या दहा होतात आणि कुठली धरायची हे ठरेपर्यंत बूथ समोर आलेला असतो. लेन कधी ठरवायची, बूथमधून किती वेगाने जायचं, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? फास्टॅग वाचलाच नाही तर गाडी मागे घेतलेली चालते का? गाडी पेट्रोलची हॅचबॅक आहे, टॅग आतून काचेवर लावलेला आहे, तरी पटकन वाचला जात नाही. नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

तिसरी लेन

लेन बूथसमोर पोहोचून ठरवायची नसते, तिथेच सगळा घोटाळा होतो. नाक्याची पहिली पाटी दिसली की आरशात बघून वेग कमी करायला लागा. रस्ता रुंदावायला सुरुवात होते तिथे वेग ४०च्या आसपास आलेला असला पाहिजे. ६०च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. वर पाटी वाचायला दोन सेकंद घालवले तर ३४ मीटर गेले, आणि तेवढ्यात शेजारचा टेम्पो तुमच्या लेनमध्ये आलेला असतो.

वर प्रत्येक लेनवर दिवा असतो. हिरवा बाण म्हणजे चालू, लाल फुली म्हणजे बंद. फुलीच्या लेनमध्ये रांग नाही म्हणून कधीही घुसू नका. तिथे कर्मचारी उभा असू शकतो, शंकू ठेवलेले असू शकतात, पुढून बाहेर पडायला वाट नसू शकते. सगळ्यात डावीकडची रुंद लेन मोठ्या मापाच्या वाहनांसाठी असते. बाकीच्या लेन साधारण ३.२ मीटरच्या, ती ४.५ मीटरची. तिच्यात ट्रेलर सावकाश सरकतात, कारने त्या वाटेला जाऊ नये.

लेन निवडताना रांगेची लांबी बघू नका, रांगेत काय उभं आहे ते बघा. सहा कारची रांग दोन ट्रकच्या रांगेआधी सरकते. एकदा दोन बेटांमधल्या (बूथ ज्यांवर असतात ते काँक्रीटचे ओटे) पट्ट्यात शिरलात की लेन बदलण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. शेजारची रांग भराभर सरकतेय म्हणून शेवटच्या पन्नास मीटरमध्ये चाक वळवणारी गाडी नाक्यावर सगळ्यात जास्त पत्रे चेपते.

पट्ट्यात वेग १० ते १५, म्हणजे पहिला किंवा दुसरा गिअर. बेटाच्या टोकाला काँक्रीटचं नाक असतं, आरसे त्यावर घासतात. उजव्या आरशात बेटाची पिवळी-काळी कड बघत गाडी मधोमध ठेवा. रांगेत थांबताना अंतराची खूण साधी आहे: पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा बॉनेटवरून दिसली पाहिजे. पुढे भरलेला ट्रक असेल तर आणखी एका कारएवढी जागा सोडा. हँडब्रेक सुटताना तो हातभर मागे येतो आणि ड्रायव्हरला तुमची छोटी गाडी दिसत नाही.

आनंदनगर आणि ऐरोली या दोन्ही नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून कारना टोल नाही. म्हणून तिथे थांबायचं काम नाही. पण धोका उलट तिथेच वाढतो: कार वेग न कमी करता जातात आणि टोल भरणारे ट्रक शेजारच्याच लेनमधून संथ बाहेर येतात. तिथेही हलक्या वाहनांच्या पाटीची लेन आधीच धरा आणि वेग ३०च्या वर नेऊ नका.

८६५ मेगाहर्ट्झ

टॅग पटकन वाचला न जाण्याबद्दल. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वर लावलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्याच लहरींवर टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. म्हणजे टॅगला रीडर स्वच्छ दिसला पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा.

जागा: काचेच्या आतून, वरच्या भागात मधोमध, आरशाच्या मागे. खाली डॅशबोर्डजवळ लावलेला टॅग तिरका पडतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून लहरी जात नाहीत. अशा काचेत आरशाजवळ थर नसलेला छोटा चौकोन सोडलेला असतो आणि गाडीच्या पुस्तिकेत तो दाखवलेला असतो. टॅग नेमका त्याच चौकोनात हवा. डॅशकॅमची वायर, पार्किंगचा स्टिकर, देवाचा धातूचा फोटो टॅगला चिकटून ठेवू नका.

लावताना काच कोरडी आणि तेलकटपणा नसलेली असावी, मधून बाहेर अंगठ्याने दाबत जा. टॅग सोलला की आतली अँटेना फाटते, मुद्दाम तशीच बनवलेली आहे. त्यामुळे काच बदलली तर टॅगही नवीनच घ्यावा लागतो. हातात धरून दाखवायचा, गाड्यांमध्ये फिरवायचा टॅग तर थेट काळ्या यादीत जातो, म्हणजे चालेनासा होतो, त्याबद्दल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट आदेश काढलेत.

आता अंतराचा आणि टॅगचा संबंध. पुढच्या गाडीला चिकटून गेलात तर रीडर कधीकधी तुमचा टॅग आधी वाचतो. मशीनच्या हिशेबात पुढची गाडी म्हणजे तुम्ही. तुमच्या पैशावर दांडी तिच्यासाठी उठते, आणि तुम्ही पोहोचता तेव्हा ती खाली. शिवाय गाडी आल्याचं ओळखणाऱ्या जमिनीतल्या तारेच्या वेटोळ्यांना आणि वाहनाचा प्रकार ओळखणाऱ्या सेन्सरना दोन चिकटलेल्या गाड्या एक लांब वाहन वाटतात. पुढची गाडी दांडीखालून पूर्ण बाहेर पडून दांडी पडेपर्यंत तुम्ही अलीकडे थांबा. दांडी पुन्हा उठली आणि दिवा हिरवा झाला की मगच पुढे. पुढच्याच्या मागोमाग निसटायला गेलं की दांडी बॉनेटवर किंवा काचेवर बसते.

शिल्लक. पुण्याचा द्रुतगती मार्ग कारला एका बाजूने ३२० रुपये, १ एप्रिल २०२३ पासून हाच दर. जाऊन-येऊन ६४०, तेव्हा निघताना खात्यात हजार तरी ठेवा. नाक्यावर पोहोचून रिचार्ज करायची सवय लावून घेऊ नका. १७ फेब्रुवारी २०२५ च्या नियमाप्रमाणे टॅग वाचण्याआधी ६० मिनिटांपेक्षा जास्त काळ काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांतही सुधारला नाही, तर व्यवहार १७६ या कोडने नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती त्याच क्षणी कळते, त्यामुळे तिथे जागेवर केलेला रिचार्ज बहुधा चालतो. राज्याच्या सगळ्या नाक्यांवर यंत्रणा तेवढी नवी नाही. म्हणून रिचार्ज ठाण्यातच, घरून निघतानाच.

कोपरीकर

खूप उपयोगी माहिती. टॅग बहुतेक खालीच लावलाय, आज काच बघतो. एक राहिलं: दांडी उठलीच नाही, मागे पाच गाड्यांचे हॉर्न, आणि कोणीतरी हात करून मागे घ्या म्हणतंय. अशा वेळी क्रम काय? आणि वार्षिक पास द्रुतगती मार्गावर चालतो का?

कलमदान

मागे घेऊ नका. सहज हलवता येईल असं वाटतं, पण पाठीमागे दुचाकी बेटाला चिकटून आलेली असते, ती तुमच्या आरशात दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ठरवलेल्या दिशेच्या उलट वाहन चालवणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. नाक्यावर चुकून ठोकर बसली तर चूक गाडी मागे घेणाऱ्याचीच धरली जाते.

क्रम असा. हॅझर्ड दिवे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक. काच चार बोटं खाली करा, गाडीतून उतरू नका, शेजारच्या लेनमधून गाड्या सुटत असतात. सीटबेल्ट सोडायचा नाही. पाकीट मागच्या खिशात असेल तर तो सोडावाच लागतो, म्हणून पैसे आणि फोन आधीच पुढच्या कप्प्यात ठेवा. कर्मचाऱ्याला टॅगवरचा क्रमांक दाखवा, हातातल्या रीडरने वाचायला सांगा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

तरीही नाही झालं तर कारण विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. टॅग चालू, शिल्लक पुरेशी आणि बिघाड नाक्याच्या यंत्रणेत, असं असेल तर राष्ट्रीय महामार्गावर तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. ७ मे २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे गाडी विनाशुल्क सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. ती पावती मागून घ्या. नंतर रात्री त्याच फेरीचे पैसे कापले गेले तर हातात पुरावा हवा.

टॅग बंद किंवा शिल्लक नाही, म्हणजे कारण तुमच्याकडचं असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमात रोखीने दुप्पट होते. यूपीआयने भरल्यास सव्वापट. शंभराचा टोल रोखीत २००, यूपीआयने १२५. महाराष्ट्राच्या राज्य नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, तिथे टॅगशिवाय दुप्पट. या पैशांवरून बूथपाशी वाद घालून रांग अडवू नका. पावती घ्या, बाहेर पडा, तक्रार नंतर.

चुकीचे पैसे कापले गेले तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवायची. नाक्याचं नाव, तारीख, वेळ, संदेशातला व्यवहार क्रमांक आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा द्या. राष्ट्रीय महामार्गावर मदत क्रमांक १०३३, अपघात असेल तर ११२.

मागून रुग्णवाहिका आली तर बेटांमध्ये अडकलेल्या गाडीने बाजूला व्हायला जागाच नसते. पुढे निघून जाणं हाच मार्ग, दांडी कर्मचारी उघडतात. मोकळ्या भागात मात्र वाट दिलीच पाहिजे. कलम १९४ ई, दंड दहा हजार.

वार्षिक पास: १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपये, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते, तिथे पास धरत नाहीत, टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातात. नाशिकच्या वाटेवर पडघ्याजवळचा अर्जुनली नाका राष्ट्रीय महामार्गावर आहे, तिथे उपयोग होतो. एकदा पार केला की एक फेरी, परतताना दुसरी.

पिवळी रेघ

रांग शंभर मीटरच्या पिवळ्या रेघेबाहेर गेली की फुकट सोडतात ना? तो मुद्दा कोणी लिहिला नाही.

कलमदान

मे २०२१ मध्ये प्राधिकरणाने तशा सूचना काढल्या होत्या: एका वाहनाला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको आणि रांग शंभर मीटरच्या आत हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या मागे घेतल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर जुने संदेश अजून फिरतात, त्यांच्या जोरावर दांडी तोडून किंवा चुकवून निघालात तर उगाच गुन्हा अंगावर येईल. रेघ दिसली म्हणजे हक्क आहे, असं समजू नका.

दहा टायर

सगळ्यांनी नाक्याआधीचं लिहिलं. नाक्यानंतरचे शंभर मीटर जास्त जपायचे. दांडी उठली की दहा लेनमधून सगळे एकदम सुटतात आणि परत तीन लेनमध्ये शिरायला बघतात. ट्रक पहिल्या गिअरमध्ये असतो, वेग घ्यायला त्याला वेळ लागतो, आणि त्याच्या डाव्या दरवाजाजवळचा पट्टा ड्रायव्हरला अजिबात दिसत नाही. तिथून पुढे काढू नका.

बाहेर पडल्यावर आधी नाकासमोर सरळ जा. लगेच उजवीकडे झेपावू नका. आरसा, इंडिकेटर, मान वळवून खांद्यावरून एक नजर, मग एका वेळी एकच लेन. पैसे कापल्याचा संदेश आला का ते गाडी चालवताना बघू नका. पावती किंवा शिल्लक बघायला कडेला थांबायचं असेल तर नाक्यालगतच्या कडेला थांबू नका. तिथे पाणी-शेंगदाणे विकणारे, बसमधून उतरलेले प्रवासी आणि डावीकडच्या लेनमधून येणाऱ्या दुचाक्या असतात. पुढे पंप किंवा फूड मॉल बघा.

द्रुतगती मार्गावर खालापूर नाक्यानंतर थोड्याच अंतरावर घाट सुरू होतो. तिथे कारला वेगमर्यादा ६०, सपाटीवर १००. नाक्यातून सुटल्या झोकात १०० पर्यंत नेलेली गाडी घाटाच्या तोंडाशी ब्रेकवर येते, आणि पुढे चढाला लागलेले ट्रक २०-३० वर चाललेले असतात. नाक्यापासून घाटापर्यंत उजवी लेन ओव्हरटेकपुरतीच वापरा, काम झालं की मधल्या लेनमध्ये परत या.

कोपरीकर

आता टॅग बघितला. डॅशबोर्डच्या वर, उजव्या कोपऱ्यात लावलेला निघाला, शेजारी सोसायटीचा पार्किंग स्टिकर. बँकेकडून बदली टॅग मागवतो आणि पुस्तिकेतली जागा बघून लावतो.

८६५ मेगाहर्ट्झ

बदली टॅग मागवताना जुना टॅग बंद झाल्याचं बँकेकडून लेखी घ्या. एका गाडीला एकच टॅग हा नियम आहे. दोन दिसले की जुना काळ्या यादीत जातो, आणि नोंद अर्धवट राहिली तर नवाही अडकतो. नवा आल्यावर आरसीवरचा क्रमांक आणि वाहनाचा वर्ग, कारसाठी वर्ग ४, अ‍ॅपमध्ये बरोबर आहे ना ते आधी तपासा. पहिली चाचणी अर्जुनलीला गर्दी नसताना घ्या, शनिवारी सकाळी खालापूरला नको.